एकशे एक्केचाळीस टक्के

२९ सप्टेंबर २०१० रोजी त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी हे शहादे तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी आले आणि त्या गावातील एका भगिनीस देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला, ही हकीकत नंदुरबार जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही मुखोद्गत आहे. परंतु ज्या जिल्ह्यात आधाराचा जन्म झाला त्या जिल्ह्यात त्याचे पुढे संगोपन कसे झाले, याचा वृत्तान्त मात्र अद्याप कोणी लेखणीबद्ध केलेला नाही. अखिल भारतवर्षातील प्रत्येक इसम बारा आकड्यांत मावावा, ते बारा आकडे ८५.६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद अशा एका पत्रिकेवर मावावेत, आणि ती पत्रिका सदऱ्याच्या वरच्या खिशात मावावी, एवढ्यासाठी मोठमोठ्या बुद्धिमंतांनी आपल्या उमेदीचा काळ खर्ची घातला. आणि ती पत्रिका घेऊन अक्राणी महालातला एखादा शेतकरी पहाटेच्या एस.टी.ने सातपुडा उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी येतो, कचेरीच्या खिडकीशी उभा राहतो, मोठ्या विश्वासाने ती आत सरकवतो, तेव्हा आतून जो पहिला प्रश्न येतो तो असा : “मोठी झेरॉक्स कुठंय?”

हा प्रश्न विचारणाऱ्या कारकुनाची दृष्टी अधू असते असे कृपा करून कोणी समजू नये. मी अनेक खिडक्यांशी तिष्ठत उभा राहिलो असल्याने अनुभवाने सांगतो, की मोठी करून आणलेली प्रत हातात पडल्यावर तो तिच्यावरील एकही अक्षर वाचीत नाही. वाचावयाचे असते तर त्याने लहान पत्रिकाच वाचली असती. तिच्यावर त्याच्या नजरेखालून न गेलेले असे असतेच काय! त्याची अडचण निराळीच आहे. दफ्तरातील नस्तीला, म्हणजे आपण जिला फाईल म्हणतो तिला, दोन भोके असतात आणि त्यांतून एक दोरी ओवलेली असते. त्या दोन भोकांमधील अंतर हाच आपल्या राज्यकारभारातील सर्वांत स्थिर घटक असून मंत्रिमंडळे आली आणि गेली तरी त्यात केसाइतका फरक पडलेला नाही. ज्या कागदाच्या अंगात ही दोन भोके सोसण्याइतके बळ नसते तो दफ्तराच्या दृष्टीने कागदच नव्हे. सारांश, शेतकऱ्याचा चेहरा मोठा करावयाचा असतो तो साहेबांनी पाहावा म्हणून नव्हे, तर दोरीने धरावा म्हणून.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जिल्हा जरी अर्धा झाला तरी कचेऱ्यांची संख्या दुप्पट झाली, आणि कचेऱ्यांच्या मागोमाग झेरॉक्सची दुकाने आली. तहसील, प्रांत, जिल्हा परिषद, भूमी अभिलेख, आदिवासी विकास, जात पडताळणी, अशी एकेक पाटी जेथे जेथे लागली तेथे तेथे समोरच्या बाजूस पिवळ्या फळ्यावर तांबड्या अक्षरांत ‘झेरॉक्स’ ही पाटी लागली, आणि त्या दोहोंतील रस्ता ओलांडणे हा जिल्ह्यातील नागरिकाचा प्रमुख व्यायाम होऊन बसला. कचेरीची वेळ पावणेदहाची असली तरी दुकान आठालाच उघडते. कचेरीला दर शनिवारी सुटी असते, दुकानाला नसते. आणि कोणत्या अर्जास कोणते कागद जोडावे लागतात हे कचेरीतील माणसास तीन फायली चाळल्यावर आठवते, दुकानातील माणसास जिभेच्या टोकावर असते.

हा दुकानातील माणूस, म्हणजे बहुधा विशी-पंचविशीतील, बी.ए. होऊन बसलेला एक मितभाषी तरुण, माझ्या मते आपल्या प्रशासनाचा खरा शिरस्तेदार होय. “भाऊ, आधारनं मोठं करी दे,” असे अहिराणीत कोणी म्हणाला, पावरीत कोणी खुणेने सांगितले किंवा गुजर वस्तीतल्या कोणी काकांनी गुजराती वळणाच्या मराठीत हुकूम सोडला, तरी तो तोंडातून अवाक्षर न काढता पत्रिका काचेच्या कोपऱ्यात ठेवतो, झाकण लावतो, २०० हा आकडा दाबतो, एक बाजू निघाली की तोच कागद पुन्हा ट्रेमध्ये घालून पत्रिका उलटतो, आणि एकाच पानावर वर चेहरा व खाली पत्ता अशी जोडी तुमच्या हाती ठेवतो. २०० च का, असे मी त्यास एकदा विचारले. त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले आणि सांगितले, की दोनशेला पत्रिका १७१ मिलिमीटर लांब व १०८ रुंद होते, दोन्ही बाजू एकाखाली एक घेतल्या की २१६ होतात, ए-चारचा कागद २९७ चा, म्हणजे सहीला जागा उरते, अडीचशेला लोभाने गेलात तर लांबी २१४ होते, कागद २१० चा, मग कडेचा आकडा कापला जातो आणि “साहेब बारा मोजतात, अकरा भरले की परत पाठवतात.” हा हिशेब त्याला कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेला नव्हता.

यंत्राच्या पोटात काय घडते हेही याच तरुणाने मला एका निवांत दुपारी, वीज गेलेली असताना, झाकण उघडून दाखविले. आत एक नळकांडे असते. त्यावर विजेचा सूक्ष्म भार चढविलेला असतो. मूळ कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश जेथे पडतो तेथील भार विरून जातो आणि जेथे अक्षर असते, म्हणजे जेथून प्रकाश परतत नाही, तेथे तो शिल्लक राहतो. त्या शिल्लक भाराला काळी भुकटी चिकटते, भुकटी कागदावर उतरते आणि तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून पक्की बसते. आता गंमत पाहा. हे अक्षर मोठे करावयाचे झाल्यास जुन्या यंत्रात भिंग पुढे-मागे सरकून आडवी वाढ साधली जाई, पण उभ्या वाढीसाठी काचेखालून फिरणाऱ्या दिव्याची चालच मंद करावी लागे. नव्या यंत्रात भिंगाचे काम गणित करते, तथापि दिव्याची चाल मंद करण्याची चाल अजून कायम आहे. दुप्पट आकार हवा असेल तर दिवा निम्म्या वेगाने चालतो, चौपट हवा असेल तर पाव वेगाने. कामाचा व्याप मोठा दिसावा यासाठी ते हळू करणे आवश्यक असते, हे तत्त्व रस्त्यापलीकडच्या इमारतीत पूर्वीपासून ठाऊक होते. यंत्राने त्यास केवळ शास्त्रीय अधिष्ठान दिले.

या यंत्राचा आद्य जनक चेस्टर कार्लसन हा अमेरिकन गृहस्थ स्वतः एका कंपनीच्या पेटंट खात्यात नोकर होता, आणि एकाच दस्तऐवजाच्या पाच-पाच नकला करताकरता हाताला संधिवाताने ग्रासल्यामुळे त्याला ही युक्ती सुचली. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या नक्कलनविसांनी नकला केल्या, त्यांनाही संधिवात झाला असेल, परंतु त्यांना निवृत्तिवेतन असल्याने शोध लावण्याची निकड भासली नाही. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया या वस्तीत, ओटो कॉर्नाय नावाच्या साहाय्यकासह, त्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला, काचेवर शाईने लिहिलेला मजकूर त्यावर धरून दिवा लावला, वर लायकोपोडियमची भुकटी शिंपडून फुंकर मारली, आणि जगातील पहिली झेरॉक्स निघाली. तिच्यावर काय लिहिलेले होते? ‘१०-२२-३८ अस्टोरिया’. म्हणजे दिनांक आणि ठिकाण! आपल्या प्रत्येक अर्जाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात जे दोन रकाने असतात नेमके तेच. अर्जदाराची सही राहिली म्हणून की काय, पुढे कित्येक बड्या कंपन्यांनी तो शोध नामंजूर करून परत पाठविला. अखेर हॅलॉइड नावाच्या एका लहान कंपनीने तो पदरात घेतला आणि १९५९ साली ९१४ या नावाचे जवळजवळ तीनशे किलो वजनाचे यंत्र बाजारात आणले. ९ गुणिले १४ इंचांपर्यंतचा कागद घेई म्हणून ते ९१४. हे यंत्र क्वचित पेट घेई, म्हणून त्याच्यासोबत एक छोटे अग्निशामकही देण्यात येई. आपल्या दफ्तरांतही अधूनमधून आगी लागतात, परंतु त्यांस यंत्र कारण नसते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे शीर्षकातील आकड्याकडे, वळू. यंत्रावर १००, २००, ७१ अशा कळींच्या रांगेत १४१ अशी एक कळ असते आणि ती पाहून कोणाही सश्रद्ध मनुष्यास असे वाटते, की हा एखाद्या देवस्थानच्या वर्गणीचा आकडा असावा. या कळीपायी मी एका दुपारी जो वाद ऐकला तो न्यायसभेत शोभावा असा होता. एका बाईंना ‘मूळ दाखल्याच्या दुप्पट आकाराची प्रत’ आणण्याचे फर्मान झाले होते. तरुणाने १४१ ची कळ दाबून ए-चारचा ए-तीन करून दिला. बाई रस्ता ओलांडून गेल्या आणि परत आल्या. “साहेब म्हणतात, दुप्पट म्हणजे दोनशे.” तरुण म्हणाला, “ताई, दोनशे केलं तर चौपट होतं.” बाई पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. “साहेब म्हणतात, दोनशे म्हणजे चौपट हे कुठल्या जी.आर.मध्ये आहे ते दाखवा.”

साहेबांचे चुकले असे म्हणवत नाही. लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट केली की कागद चौपट होतो, आणि कागद दुप्पट करावयाचा तर बाजू सुमारे १.४१ पट कराव्या लागतात, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते व सर्वांनी मिळून विसरलेले असते. जर्मनांनी १९२२ साली आपले कागद याच प्रमाणात बेतले; म्हणूनच ए-चार मोडला की दोन ए-पाच होतात, जोडला की ए-तीन होतो, आणि आकृती मात्र तीच राहते. परंतु त्याच्या कितीतरी शतके आधी बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीचे क्षेत्र दुप्पट कसे करावे याची रीत दिलेली आहे : बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करावा. उत्तर १.४१४२१५६ येते, जे यंत्राच्या कळीपेक्षा पुष्कळच सूक्ष्म आहे. या बाजूस ‘द्विकरणी’ असे भारदस्त नाव आहे. शिवाय आमचा खानदेश या शास्त्रात परका नव्हे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. त्या मठात जी गोष्ट बटूंना समजत असेल ती आठशे वर्षांनी तेथून काही कोसांवर एका कचेरीच्या खिडकीशी अडली, यात काळाचा दोष आहे की खिडकीचा, हे मी सांगू शकत नाही. बाईंनी तो प्रश्न व्यवहाराने सोडविला. त्यांनी १४१ ची एक, २०० ची चार तुकड्यांत जोडलेली एक, आणि सावधगिरी म्हणून १०० ची एक, अशा तीन प्रती दाखल केल्या. आणि दोरीत शंभराचीच ओवली गेली, कारण उरलेल्या दोन्ही नस्तीच्या बाहेर लोंबत होत्या.

जुन्या लांबट कागदांचा, ज्यांना बाजारात ‘लीगल’ म्हणतात त्यांचा, या सुरेख प्रमाणाशी कधीच मेळ बसत नाही. तो कागद ए-तीनवर चढवायचा तर ११८ टक्क्यांपुढे वाढतच नाही. पुढे रेटला तर खाली साक्षीदार कापले जातात. खरेदीखत मोठे झाले आणि साक्षीदार नाहीसे झाले, असा प्रकार पूर्वी कोर्टातच होत असे.

येथे एक स्थानिक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती जगातील कोणत्याही यंत्रनिर्मात्याच्या पुस्तिकेत आढळावयाची नाही. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. हिवाळा लागला की शहराबाहेरील पथाऱ्यांवर ओली तांबडी मिरची वाळत पडते आणि वारा अनुकूल असेल तर सबंध शहर एकदिलाने शिंकते. त्या दिवसांत तिचा एखादा कण झेरॉक्सच्या काचेवर येऊन बसतो. कण तांबडा असला तरी काळ्या भुकटीच्या यंत्रातून तो काळाच उतरतो, आणि शंभर टक्क्यांना जो डोळ्यांस दिसतही नसतो तो दोनशे टक्क्यांना फुगून बरोबर अनुस्वाराएवढा होतो. आता या जिल्ह्यात पाडवी हे आडनाव गावोगाव आहे. कणाने ‘पा’ च्या डोक्यावर आसन मांडले की पाडव्यांचा पांडवी होतो. मूळ दाखल्यावर पाडवी, मोठ्या प्रतीवर पांडवी. लगेच शेरा पडतो, ‘नावात तफावत, खुलासा घ्यावा.’ मग तो बिचारा नोटरीपुढे उभा राहून, ‘पाडवी व पांडवी ही दोन्ही नावे एकाच इसमाची असून तो इसम मीच आहे’ असे प्रतिज्ञेवर लिहून देतो. त्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स मागितली जाते. आणि मिरचीचा कण काचेवरून अजून हललेला नसतो. गावित, वसावे, वळवी यांची कथा याहून सौम्य आहे. पावरांनी मात्र सांभाळून असावे.

जात पडताळणीच्या कामी पणज्याच्या नावाची नोंद शोधावी लागते आणि ती कोतवाल बुकात नाही तर जुन्या शाळेच्या दाखलखारजाच्या नोंदवहीत सापडते. वही मोडीत असते. एक सुशिक्षित गृहस्थ अशा नोंदीची नक्कल घेऊन दुकानात आले व म्हणाले, “वाचता येत नाही हो, जरा मोठी करा.” १४१ ला वाचता येईना. २०० ला येईना. ४०० ला एकेक अक्षर वितीएवढे झाले, पान संपले, शेजाऱ्याच्या काउंटरवर पसरले, आम्ही सर्वांनी माना तिरप्या करून पाहिले, आणि तरीही ती मोडी ती मोडीच राहिली. शेवटी पान टाचणारा एक म्हातारा दूरवरूनच म्हणाला, की मास्तरांनी आम्हाला ही लिपी छडीने शिकविली होती, भिंगाने नव्हे. आणि त्याने मूळ लहान कागद हातात घेऊन, डोळ्यांपासून लांब धरून, खडाखड वाचून दाखविला. तेव्हापासून त्या दुकानात मोडीचा कागद आला की यंत्र बंद ठेवून म्हाताऱ्यास हाक मारतात.

हसण्याच्या ओघात एक कागद असा आला, की जेथे माझेही हसू थोडे थबकले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली वहिवाटीचा दावा लावायचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ती जमीन आपण कसत होतो याचा पुरावा द्यावा लागतो. डोंगरातल्या माणसापाशी कसला पुरावा असणार? त्याच्यापाशी फार तर वनखात्याने एके काळी ‘अतिक्रमण’ म्हणून ठोठावलेल्या दंडाची पावती असते. ज्या कागदाने आजा गुन्हेगार ठरला तोच कागद आता नातवाच्या हक्काची भक्कम साक्ष ठरतो, आणि म्हणून चौपदरी घडी घातलेली, धुराने पिवळी पडलेली ती पावती पत्र्याच्या पेटीतून निघून काचेवर येते. अक्राणीकडून आलेल्या एका आजोबांनी ती दोन्ही हातांनी ठेवली. तरुणाने १४१ केले. पेन्सिलीने लिहिलेली तारीख मोठी झाली आणि फिकी झाली. गोळा तेवढाच असताना भाकरी मोठी थापली की पातळ व्हायचीच. “मोठं व्हयनं भाऊ, पन तारीख दखास कोठे?” असे त्यांच्यासोबत आलेल्या गावच्या पोराने विचारले. तरुणाने काळेपणा वाढविला. तारीख आली, पण घडीही आली, धूरही आला आणि कोपऱ्यातला झुरळाचा डागही दंडाच्या रकमेशेजारी शून्यासारखा उमटला, त्यामुळे आजोबांना त्या काळी दहापट दंड झाला होता असा देखावा उत्पन्न झाला. आजोबा ती प्रत बराच वेळ पाहत राहिले आणि त्यांनी एवढेच विचारले, की हा वाढलेला दंड आता भरावा लागेल काय.

तरुणाने पैसे घेतले नाहीत, हे मी नमूद करून ठेवतो. नाहीतर हा धंदा करणारे सारेच कोरडे असतात असा समज व्हायचा.

मोठे करण्याच्या या विद्येची एक धाकटी बहीण आहे आणि तिचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा. त्या दिवसांत ७१ ची कळ झिजते. सबंध धड्याचा बोटाएवढा अवतार करून घेणारे विद्यार्थी ज्या एकाग्रतेने पाने निवडतात ती एकाग्रता धडा वाचण्यात खर्च झाली असती तर कळीची गरज पडली नसती, परंतु हे सांगण्याइतके माझे वय झाले असल्यानेच ते माझे ऐकत नाहीत. परीक्षाकेंद्रांच्या आसपासची दुकाने परीक्षेच्या वेळात बंद ठेवण्याचा हुकूम निघतो; ज्याला जमावबंदी लागू होते असे हे एकमेव यंत्र असावे. मौज पुढे आहे : एप्रिलात तोच विद्यार्थी तोच बोटाएवढा कागद घेऊन येतो व पुढच्या वर्षीसाठी तो ‘होता तेवढा’ करून मागतो. ७१ टक्क्यांवर लहान केलेले १४१ टक्क्यांवर मोठे केले की माप जुळते, अगदी सहस्रांशाने जास्तच येते. परंतु अक्षरांच्या पोटातील पोकळ्या बुजून ‘घ’, ‘ध’ आणि ‘छ’ यांच्यातील सर्व भेदाभेद नाहीसे झालेले असतात.

चौकाचौकांत लागणाऱ्या वाढदिवसाच्या फलकांविषयी मी लिहिणार नव्हतो, कारण तो निराळ्या धंद्याचा प्रांत आहे. पण आकडा मोह घालतो. पारपत्राच्या मापाचे छायाचित्र ४५ मिलिमीटर उंचीचे असते आणि फलकावरचा भावी नेता दहा फुटांचा. म्हणजे प्रमाण सुमारे ६,७७० टक्के पडते. आमच्या दुकानातील यंत्र ४०० ला थांबते. थांबण्याची ही अक्कल यंत्रास असते.

सरतेशेवटी नकाशाचे प्रकरण. सामाईक शेताच्या वाटपावरून दोघा भावांत वाद होता आणि मोजणीची तारीख लागली होती. धाकट्याने गावनकाशातील आपल्या गटापुरता भाग दोनशे टक्के मोठा करून घेतला, शाळेतल्या मुलाची पट्टी मागून आणली आणि रात्री बसून माप काढले. नकाशाच्या खाली, ठळक अक्षरांत, ‘एक इंचास वीस साखळ्या’ असे प्रमाण छापलेले होते. ती अक्षरेही दुप्पट मोठी झालेली असल्याने त्यांच्याविषयी शंका घेण्याचे कोणास कारण नव्हते. साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे एका इंचाला ६६० फूट. मूळ नकाशावर दीड इंच लांब व एक इंच रुंद असलेला गट आता तीन इंच लांब व दोन इंच रुंद भरत होता. रेषा वाढल्या, अक्षरे वाढली, पण ‘वीस’ चे ‘दहा’ करावेत एवढी बुद्धी काही भुकटीला नसते. जुने नकाशेनवीस प्रमाण नुसते शब्दांत न लिहिता त्याची पट्टीही काढून ठेवीत, ती या भीतीनेच, कारण पट्टी नकाशाबरोबर वाढते आणि शब्द वाढूनही तेवढाच राहतो. धाकट्याने हिशेब केला. पिढ्यान् पिढ्या सारे गाव ज्याला पंधरा एकर म्हणत आले ते शेत साठ एकर निघाले. पंचेचाळीस एकर कोणी दाबून ठेवले, हा प्रश्न त्याने त्या रात्रीच थोरल्यास दारातून ओरडून विचारला.

मोजणीच्या दिवशी निम्मे गाव बांधावर जमले. भूकरमापक हा पोक्त, उन्हाने रापलेला आणि माणसांपेक्षा दगडांवर अधिक विश्वास ठेवणारा गृहस्थ होता. धाकट्याने तो भलामोठा नकाशा त्याच्यापुढे अंथरला, चार कोपऱ्यांना चार ढेकळे ठेवली आणि म्हणाला, “साहेब, कागदावर साठ एकर आहे. कागद सरकारी आहे.” भूकरमापकाने नकाशा पाहिला, पट्टी लावली, मान डोलावली आणि मुळीच वाद घातला नाही.

“बरोबर आहे,” तो म्हणाला, “साठच भरतात. जमीन जिरायत ना?”

“जिरायतच, साहेब. पावसावरची.”

“आणि नावावर एकाच्याच करून पाहिजे?”

“माझ्याच.”

“मग ठीक. कमाल जमीन धारणेच्या कायद्यात जिरायतीची मर्यादा चौपन्न एकर आहे. वरचे सहा एकर सरकारजमा होतील. कोणत्या अंगाने काढून घेऊ, ओढ्याकडून की विहिरीकडून?”

बांधावर हालचाल झाली. धाकट्याने प्रथम विहिरीकडे पाहिले, मग ओढ्याकडे पाहिले, मग वाकून एकेक ढेकूळ उचलले आणि नकाशाची घडी घालता घालता म्हणाला, “राहू द्या साहेब. शंभर टक्केवालाच धरा.” थोरला इतका वेळ निमूटपणे निंबाखाली उभा होता, त्याच्या पिशवीतून एका कागदाची गुंडाळी अर्धवट बाहेर आलेली होती, ती त्याने कोणाचे लक्ष नाहीसे पाहून पुन्हा आत सरकवली, त्यामुळे ती १४१ ची होती की ४०० ची, हे कळावयास मार्ग राहिला नाही.